तत्त्वतः मान्य
(ना. म. जोशी यांचे जीवन आणि कामगारांच्या आजारपणाचा विमा)

लोअर परळ स्टेशनातून बाहेर पडले की एका लांबलचक रस्त्यावर ना. म. जोशी मार्ग अशी पाटी दिसते. जुनी माणसे अजून त्याला डिलाईल रोडच म्हणतात. माझे आजोबा याच भागातल्या एका गिरणीत कामाला होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि आमचे बिऱ्हाड चेंबूरला आले. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत पगाराच्या चिठ्ठ्यांबरोबर कामगार विम्याचे एक कार्ड जपून ठेवलेले आहे. ते कार्ड दाखवले की पॅनेलच्या डॉक्टरकडे औषध मिळे, आणि आजारपणात खाडे झाले तरी पगाराचा काही भाग घरी येई. माझे वडील चेंबूरमधील एका कारखान्यात कंत्राटदाराकडे काम करतात. त्यांच्यापाशी असे कार्ड नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना कावीळ झाली, तेव्हा सव्वा महिना घरात पैसा आला नाही. आईने बांगड्या गहाण टाकून औषधपाणी केले.

आजोबांना मिळाले ते वडिलांना का मिळू नये? या प्रश्नाचा मागोवा घेत मी कॉलेजच्या ग्रंथालयात पोहोचलो आणि तेथे त्या रस्त्यावरच्या पाटीतील माणसाची मला ओळख झाली.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. (मुंबईकरांनी हे आपले पश्चिम रेल्वेवरचे गोरेगाव समजू नये!) पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल व डेक्कन कॉलेज येथे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे शिक्षकाचा पेशा पत्करला. तीच नोकरी करीत राहिले असते तर एक सज्जन शिक्षक म्हणून त्यांचे आयुष्य सुखात गेले असते. परंतु १९०९ साली ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. या समाजाचे सभासद तुटपुंज्या वेतनावर आयुष्य देशकार्याला वाहून घेत. गोखल्यांची शिकवण अशी होती की आधी प्रश्नाचा अभ्यास करावा, मग तोंड उघडावे. नारायणरावांनी ती जन्मभर पाळली.

त्यांच्या अभ्यासाची जागा म्हणजे गिरणगावातल्या चाळी होत्या. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी कामे लीगने कामगारवस्तीत चालविली. परळचा दामोदर हॉल नाटकांमुळे आपल्या परिचयाचा आहे. तोही याच लीगच्या कार्याशी निगडित आहे. त्या काळच्या मुंबईची कल्पना एका आकड्यावरून येते. १९२१ साली या शहरात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे सहाशेहून अधिक मुले वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. एका खोलीत दोनदोन कुटुंबे, सामायिक नळ, अंधारे जिने, आणि दाराशी उभा असलेला सावकार! घरातला कर्ता माणूस तापाने आडवा झाला की रोजी बंद होई आणि औषध सुरू होई. मग सावकाराचे कर्ज येई, आणि ताप उतरला तरी ते उतरत नसे. आजार म्हणजे केवळ शरीराचे दुखणे नसून बुडालेली मजुरी आहे, हे सत्य नारायणराव चाळीच्या जिन्यांवर शिकले. पुढे पंचवीस वर्षे त्यांनी तेच कायदेमंडळात मांडले.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तेथे गेले. बाळंतपणाच्या काळात स्त्री कामगाराला रजा व निर्वाहभत्ता मिळावा असा करार त्या परिषदेत झाला. हिंदुस्थानला मात्र त्यातून वगळण्यात आले व सरकारने आधी अभ्यास करून अहवाल द्यावा असे ठरले. पुढच्याच वर्षी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले. तिच्या संस्थापकांत जोशी होते. १९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात बसू लागले. कामगाराला त्या वेळी मताचा अधिकार नव्हता. म्हणून त्याच्या वतीने सरकार एक सभासद नेमी, आणि ती नेमणूक जोशींकडे आली. ज्या सरकारने नेमले त्याच सरकारला दरवर्षी अडचणीचे प्रश्न विचारण्याचे काम या गृहस्थाने इमानेइतबारे केले.

१९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. यंत्रात बोट तुटले तर भरपाई मिळण्याची सोय झाली. पण साध्या तापाने महिनाभर अंथरुणावर पडलेल्या कामगाराचे काय? त्याच्या बायकोच्या बाळंतपणाचे काय? १९२४ साली जोशींनी बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. विरोधकांपैकी कोणी स्त्री कामगारांचा द्वेष करीत होते असे नाही. उलट सहानुभूती सर्वांनाच होती! फक्त वेळ अजून आलेली नव्हती, कामगार गावी जाऊनयेऊन असतो, दाखला द्यायला डॉक्टर नाहीत, आकडेवारी नाही, उद्योगावर बोजा पडेल, अशा अडचणी होत्या.

या अडचणी सगळ्याच खोट्या होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. डॉक्टर खरोखरच कमी होते आणि कामगार सुगीला गावी जात असे, हेही खरे. पण त्याच काळातील दुसऱ्या घटना शेजारी ठेवल्या की चित्र पालटते. १९२४ साली पोलाद उद्योगाला आणि १९३० साली कापड उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले. परदेशी मालावर जकात बसते तेव्हा माल महागतो, आणि त्याची किंमत सारी जनता मोजते. उद्योग आजारी पडला तर साऱ्या देशाने वर्गणी काढावी, हे राष्ट्रकार्य! पण त्याच उद्योगातला मजूर आजारी पडला तर तो मात्र तिजोरीवर बोजा! संरक्षणाच्या चर्चेत नारायणरावांनी कामगारांच्या हिताचा प्रश्न उपस्थित केला, पण त्यांची बाजू दुबळी पडली. सरकारी बाकांवरच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना स्वतःला सरकारी डॉक्टरची सेवा मिळत होती. तिच्यासाठी आकडेवारी गोळा होईपर्यंत कोणी थांबल्याचे दिसत नाही.

१९२७ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने आजारपणाच्या विम्याचे करार संमत केले. हिंदुस्थान सरकारने ते स्वीकारले नाहीत. १९२९ साली मुंबई प्रांताने बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा केला, हे एक पाऊल पुढे पडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलात त्याला पाठिंबा दिला होता. मात्र या कायद्यात भत्त्याचा सगळा भार एकट्या मालकावर होता, आणि तेथेच त्याचा कच्चा दुवा होता. खर्च टाळायचा तर बाईला कामावरच न ठेवणे मालकाला सोयीचे. म्हणून एका मालकाने एका कामगाराला देण्यापेक्षा सर्व मालक, सर्व कामगार आणि सरकार यांनी मिळून एक निधी उभारावा, निरोग्याने आजाऱ्याचा भार थोडाथोडा उचलावा, हाच मार्ग उरतो. विमा म्हणतात तो यालाच.

याच सुमारास नारायणरावांच्या आयुष्यातला कसोटीचा प्रसंग आला. १९२९ मध्ये सरकारने व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग नेमला आणि त्यावर जोशींची नेमणूक झाली. सरकारच्या आयोगावर बहिष्कार घालावा असे ट्रेड युनियन काँग्रेसमधील डाव्या गटाचे मत होते. त्या वर्षअखेरीस नागपूरच्या अधिवेशनात संघटना दुभंगली आणि जिच्या जन्माला ते उपस्थित होते ती संस्था सोडून जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडले. सरकारला ते कामगारांचे माणूस वाटत, तर जहाल कामगार पुढाऱ्यांना सरकारचे. बहिष्कार घातला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण चाळीतल्या खोलीची लांबीरुंदी आणि सावकाराच्या व्याजाचा दर सरकारी कागदावर कोणी नोंदविला असता? १९३१ च्या अहवालात ते नोंदले गेले, आणि आजारपणाच्या विम्याचा विचार व्हावा अशी शिफारसही आली. त्यांचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर आजही वाद होऊ शकेल. लोकप्रियतेसाठी त्यांनी तो घेतला नाही, एवढे मात्र निश्चित.

शिफारस झाली, पण मंदीचे दिवस होते. पैसा नाही, असे उत्तर आले. विमा पुन्हा एकदा तत्त्वतः मान्य झाला आणि प्रत्यक्षात लांबणीवर पडला. मालक म्हणत, सरकारने वाटा उचलावा. मध्यवर्ती सरकार प्रांतांकडे बोट दाखवी, प्रांत मध्यवर्ती सरकारकडे. प्रत्येकाचा होकार दुसऱ्याच्या खिशावर अवलंबून होता! या साऱ्या काळात आजारपणाचा खर्च काही थांबला नव्हता. तो रोज होत होता, आणि आजारी कामगार तो एकटा भरीत होता. खर्च करावा की नाही हा प्रश्नच नव्हता. तो कोणी करावा, एवढाच प्रश्न होता. राजकारणातल्या ढोंगाचे मर्म मला येथे सापडले. खर्च परवडत नाही असे म्हणणारा, तो खर्च आज कोण सोसतो आहे हे सांगत नाही.

अखेर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चक्र फिरले. १९४२ साली इंग्लंडमध्ये बेव्हरिज अहवाल गाजला. इकडे त्याच वर्षी डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला, १९४६ मध्ये विधेयक मांडले गेले आणि स्वतंत्र भारतात एप्रिल १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला. फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. मुंबईत ती १९५४ साली आली. ३० मे १९५५ रोजी नारायणरावांचे निधन झाले. म्हणजे ज्या गिरणगावात त्यांनी दवाखाने काढले, तेथल्या कामगाराच्या हाती विम्याचे कार्ड पडल्याचे पाहूनच त्यांनी डोळे मिटले. वॉशिंग्टनच्या परिषदेपासून मोजले तर पस्तीस वर्षे लोटली होती.

हा कायदा पूर्ण नव्हता. आरंभी तो मोठ्या कारखान्यांपुरता होता. शेतमजूर, मोलकरीण, नाक्यावरचा बिगारी त्यात नव्हते. कामगारांच्या कुटुंबीयांना औषधोपचार मिळू लागले ते १९५८ पासून. आणखी एक योगायोग पाहा. १९५४ सालीच दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरांसाठी आरोग्य योजना सुरू झाली. संसद सदस्यांनाही तिचा लाभ मिळतो. लोकप्रतिनिधींना औषधोपचार मिळू नयेत असे कोण म्हणेल? पण सार्वजनिक पैशातून उपचार घेत असताना तसेच उपचार दुसऱ्याला देणे म्हणजे फुकटेपणाची सवय लावणे, असा उपदेश करणे शोभत नाही.

आज सरकारी आरोग्यविम्यावर पुष्कळ बोलले जाते. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत आली. या योजनांनी अनेक गरिबांच्या मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. परंतु फलकावर कोणाचे नाव व कोणाचा फोटो यावर जितका वाद होतो, तितका आजारी माणसाच्या बुडालेल्या रोजीवर होत नाही. विरोधी बाकावर असताना जी योजना अपुरी वाटते, तीच सत्तेवर आल्यावर ऐतिहासिक वाटू लागते. घरी पडून काढलेल्या काविळीला यातल्या कोणत्याच योजनेतून मजुरी मिळत नाही.

वडिलांच्या बाबतीत तर कायदाही होता. पगाराच्या मर्यादेत बसणाऱ्या कंत्राटी कामगारालाही विमा लागू होता. ही मर्यादा २०१७ पासून महिना २१,००० रुपये झाली. २०१९ साली मालकाचा हप्ता पगाराच्या पावणेपाच टक्क्यांवरून सव्वातीन टक्क्यांवर आणि कामगाराचा पावणेदोनवरून पाऊण टक्क्यावर आला. तरीही वडिलांचे नाव कधी भरले गेले नाही. कारण हजेरीपटावर नावच नसेल तर विमा कोणाचा काढणार? हप्ता परवडत नाही असे कंत्राटदार म्हणतो. तो हप्ता आईने बांगड्यांच्या रूपाने भरला, हे त्याच्या हिशेबात कोठेच नाही. आणि आम्हीही इतकी वर्षे विचारले नाही, हा दोष आमचा.

हा लेख लिहून झाल्यावर मी वडिलांना आजोबांचे कार्ड दाखवले आणि कंत्राटदाराला विमा नंबर विचारा म्हणून सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. विचारले तर काम जाईल की काय, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. ती भीती खोटी नाही. शेवटी त्यांनी बरोबर काम करणाऱ्या आणखी सहा जणांशी बोलण्याचे ठरवले आहे. एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून विचारायचे. ना. म. जोशी यांनी जन्मभर हेच शिकविले. त्यांचे नाव असलेल्या रस्त्यावरून आपण अनेकदा जातो. पुढच्या वेळी पाटीकडे पाहताना एवढे तरी मनात आणू या की तत्त्वतः मान्य म्हणणाऱ्याला तारीख विचारावी, आणि ती मिळेपर्यंत विचारीत राहावे.

— द्वितीय वर्ष, कला शाखा