डॉ. हाफकिन : आधी स्वतःला टोचलं, मग लोकांना विचारलं



शाळेत लसीकरण असलं की निम्मी मुलं रडतात, निम्मी बाकाखाली लपतात. अशा दिवशी मी वर्गात वाल्डेमार हाफकिन यांची गोष्ट सांगते. परळच्या हाफकिन संस्थेला त्यांचंच नाव आहे.

त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. ते शिकले प्राणिशास्त्र, वैद्यकीय पदवी त्यांच्याकडे नव्हती. पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत त्यांना आधी ग्रंथालयातलं काम मिळालं. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि जुलै १८९२ मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवी भागातले रोगी तपासून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. लोक गाठोडी बांधून शहर सोडू लागले. हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला. गाय किंवा डुकराचं मांस लोकांना चालणार नाही, म्हणून त्यांनी शेळीच्या मांसाच्या रसात जंतू वाढवले. वर तुपाचे थेंब सोडले की त्यांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे. (तूप म्हटलं की मुलं हमखास कान टवकारतात!) मग उष्णता देऊन ते जंतू मारायचे, म्हणजे झाली लस.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त. ताप आला, अंग दुखलं, पण ते बरे झाले.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांना विचारण्यात आलं. साधारण निम्मे तयार झाले, बाकीच्यांनी घेतली नाही. जेवण, कोठड्या, काम सगळ्यांचं सारखंच, फरक फक्त लसीचा. लस न घेतलेल्यांत आजार आणि मृत्यू स्पष्टपणे जास्त निघाले.

इथे माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं की कैद्यांना नाही म्हणता आलं असतं का? मी जरा थांबलेच. निम्म्यांनी नाही म्हटलं हे खरं. पण तुरुंगात साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाला दिलेला होकार कितपत मोकळा असतो? आज चाचणीत येणाऱ्याला त्याच्या भाषेत सगळं समजावून लेखी संमती घ्यावी लागते, मधेच बाहेर पडायचा हक्क असतो आणि कैद्यांबाबत तर जास्तच काळजी घेतात. हाफकिन यांना मी मोठंच मानते, पण तिचा प्रश्न मी खोडून काढला नाही.

तुरुंगाबाहेर लोकांना तयार करणं आणखी अवघड होतं. प्लेगच्या नावाखाली सरकारी माणसं घरात घुसत होती, मग सरकारच्या सुईवर कोण विश्वास ठेवणार? तिकडे पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना मार्च १८९७ मध्ये सावित्रीबाई गेल्या. अशा काळात आगाखान यांनी आपल्या खोजा समाजासमोर स्वतः टोचून घेतलं, तेव्हा त्या समाजातले हजारो लोक पुढे आले. हुकमापेक्षा आपल्या माणसाचा उघडा दंड जास्त कामी आला.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात गेली. पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना कामावरून दूर केलं गेलं. लस देताना गावातच बाटलीच्या बुचाला माती लागली असावी, असं पुढे दिसून आलं. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू लावून धरली. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले आणि परत भारतात आले. पण नेमणूक झाली कलकत्त्याला, मुंबईची प्रयोगशाळा पुन्हा त्यांच्या हाती आली नाही.

१९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचं नाव दिलं गेलं. तेव्हा ते युरोपात होते. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.