धर्मानंद कोसंबी : गिरणगावात विहार उभारणारे पाली पंडित

मुंबई : पाली भाषेचे जगन्मान्य अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांनी उभारलेला परळचा ‘बहुजन विहार’ हा त्यांच्या विद्वत्तेइतकाच त्यांच्या सामाजिक दृष्टीचाही पुरावा आहे. बौद्ध विचार विद्यापीठाच्या चार भिंतींबाहेर, कष्टकऱ्यांच्या वस्तीत पोहोचावा, हा ध्यास त्यामागे होता.

कोसंबी यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील सांखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम झाले. एका बालमासिकातील बुद्धचरित्र वाचून ते भारावले आणि 1899 मध्ये पत्नी व तान्ह्या मुलीला मागे ठेवून ज्ञानाच्या शोधात बाहेर पडले. पुणे आणि काशी येथे संस्कृतचे अध्ययन करून ते नेपाळ व बोधगयेला गेले. पुढे श्रीलंकेत आचार्य सुमंगल यांच्या विद्यालयात त्यांनी पालीचा अभ्यास केला, तर ब्रह्मदेशात ध्यानसाधना केली. त्यांच्या या ओढीची किंमत कुटुंबाला अनेक वर्षे मोजावी लागली.

मायदेशी परतल्यावर कोलकाता विद्यापीठात त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. तथापि, महाराष्ट्रात राहून हे ज्ञान मराठी वाचकांना द्यावे, या इच्छेने त्यांनी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी देऊ केलेले दरमहा 50 रुपयांचे साहाय्य स्वीकारले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. ‘विसुद्धिमग्ग’ या ध्यानमार्गावरील प्राचीन ग्रंथाच्या संपादनासाठी ते अनेकदा अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. ‘समाधिमार्ग’ आणि ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथांनी मात्र हाच विषय सामान्य मराठी वाचकाच्या आवाक्यात आणला.

1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला. त्यानंतर काही वर्षांनी, 1937 मध्ये, उद्योगपती जुगलकिशोर बिर्ला यांच्या देणगीतून परळला बहुजन विहार उभा राहिला. गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस मोजणाऱ्या कामगारांसाठी असलेल्या या वास्तूच्या नावातच अधिकाधिक लोकांच्या हिताची बुद्धाची शिकवण होती. स्वतः कोसंबी तेथे राहिले; मात्र काही वर्षांतच त्यांनी विहार सोडला. उभारलेल्या संस्थेवर हक्क सांगण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

वार्धक्य व आजाराने शरीर थकल्यावर त्यांनी अन्नत्याग केला आणि जून 1947 मध्ये सेवाग्राम येथे देह ठेवला. महात्मा गांधी यांनी दिल्लीतील प्रार्थनासभेत त्यांना आदरांजली वाहिली. ‘विसुद्धिमग्गा’ची हार्वर्ड आवृत्ती त्यांच्या पश्चात 1950 मध्ये प्रकाशित झाली.

नागपूर येथे 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासह लाखो अनुयायांनी बौद्ध धम्म स्वीकारला. बौद्ध विचाराला बहुजनांच्या दारी नेण्याचा कोसंबी यांचा प्रयत्न त्याच्या जवळपास दोन दशके आधीचा होता.