शुक्राचा ताप ओळखणारे कार्ल सेगन

शुक्र ढगांनी पूर्ण झाकलेला ग्रह. त्या ढगांखाली दलदल आणि दाट अरण्ये असावीत, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेकांना वाटे. १९५६ मध्ये शुक्राकडून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजल्या गेल्या आणि तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निघाले. पण हा ताप जमिनीचा, की वरच्या विद्युतभारित थराचा?

उत्तर शोधणाऱ्यांत होते कार्ल सेगन. जन्म १९३४, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. वडील कपडे शिवण्याच्या धंद्यातले कामगार. शिकागो विद्यापीठात १९६० मध्ये डॉक्टरेट मिळवताना त्यांनी शुक्राच्या वातावरणाचे गणित मांडले. सूर्याची ऊर्जा आत शिरते. पण तापलेल्या जमिनीची उष्णता कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ अडवून धरतात. अंगावर जाड गोधडी घेतल्यासारखेच हे.

१९६२ मध्ये ‘मरिनर २’ यानाच्या मोजमापांनी ताप खालूनच येतो, या मताला बळ दिले. १९७० मध्ये ‘व्हेनेरा ७’ जमिनीवर उतरले, तेव्हा तापमान सुमारे ४७५ अंश भरले. वाफ मात्र सेगन यांच्या अंदाजापेक्षा फारच कमी निघाली. मुख्य काम कार्बन डायऑक्साइडच्या दाट थराचे होते.

१९७१ मध्ये ‘मरिनर ९’ मंगळाजवळ पोहोचले, तेव्हा तो धुळीच्या वादळात बुडाला होता. धुळीने हवा तापली, जमीन थंडावली. हाच धडा पृथ्वीला लावून सेगन आणि चार सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये इशारा दिला: अणुयुद्धातील आगींच्या काजळीने सूर्यप्रकाश अडेल, पिके बुडतील आणि युद्धापासून दूर असलेले लोकही उपाशी मरतील.

१९९१ मध्ये कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या. त्या धुराने दक्षिण आशियातील शेतीला फटका बसेल, ही त्यांची भीती खोटी ठरली, कारण धूर फार उंच चढलाच नाही. ही चूक त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात स्वतःच नोंदवली.

अखेरच्या वर्षांत त्यांना मायलोडिसप्लेसिया झाला. या विकारात अस्थिमज्जा निरोगी रक्तपेशी पुरेशा बनवत नाही. बहिणीने अस्थिमज्जा दिली, प्रत्यारोपणे झाली. तरी २० डिसेंबर १९९६ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय ६२.

तापाचे कारण नेमके शोधणे आणि निदान चुकले तर ते मान्य करणे, दोन्ही त्यांनी केले.