एका पंगतीचे शिक्षण : कर्मवीर भाऊराव पाटील

दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर परिसरातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. साऱ्या महाराष्ट्राने त्यांना ‘कर्मवीर’ म्हणून गौरविले. विद्यार्थ्यांचे मात्र ते ‘अण्णा’च राहिले.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने त्या नगरीत निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभाहून परतल्यावर भाऊरावांनी शुद्धीचे स्नान नाकारले आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. जीवमात्राविषयी करुणा शिकविणाऱ्या धर्माच्या छायेतही विटाळाची कल्पना शिरली होती, हे सत्य वगळून त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही.

स्वतः मॅट्रिकपर्यंतही न पोहोचलेल्या या पुरुषाने १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढताना त्यांनी जातवार व्यवस्था टाळली. सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, मिळून स्वयंपाक करीत व एकाच पंगतीत जेवीत. शाळेचे दार उघडले म्हणजे काम संपले, असे अण्णांनी कधी मानले नाही. प्रवेश मिळूनही गरिबाचे मूल उपाशी राहिले, अथवा पंगतीत वेगळे बसविले गेले, तर ते विद्येपर्यंत पोहोचत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या माउलीने जगाचा निरोप घेतला.

१९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. ‘कमवा व शिका’ योजनेतून शेतात राबणारा विद्यार्थी तेथे पदवीपर्यंत पोहोचू लागला. ती कुणाची भीक नव्हती, श्रमाचे मोल होते. म्हणूनच त्याची मान ताठ राहिली. १९५४ मध्ये कऱ्हाडला संत गाडगे महाराजांच्या नावाने दुसरे महाविद्यालय उभे राहिले. ज्यांच्या घराण्यात अक्षरओळखही नव्हती, अशा घरांतून शिक्षक व अधिकारी निर्माण झाले. अण्णांच्या प्रयत्नांचे खरे मोजमाप तेच होय.

१९५९ मध्ये ‘पद्मभूषण’ने सन्मानित झालेल्या कर्मवीरांचे त्याच वर्षी ९ मे रोजी निधन झाले. ज्या स्नानास नकार दिल्याने एका विद्यार्थ्याचे छत्र गेले, त्याच नकारातून हजारोंना छत्र लाभले. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!