सिस्टर रोझेटा थार्प : नाव नसलेली कबर



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणार्थ पाळतो. २ तारखेला आपण सारे दफनभूमीत जमतो, कबरी झाडून घेतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि क्रुसावरचे नाव वाचून मुलांना सांगतो, हे तुझे आजोबा, ही तुझी पणजी. या महिन्यात आम्हाला अशा एका बाईची गोष्ट सांगावीशी वाटते, जिच्या कबरीवर जवळजवळ ३५ वर्षे नावच नव्हते. आज आपली तरुण मुले जे रॉक संगीत ऐकतात, त्याचा पाया घालणाऱ्यांत तिची गणना होते. आणि हे संगीत ती शिकली होती चर्चमध्ये.

तिचे नाव सिस्टर रोझेटा थार्प. 'सिस्टर' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे धर्मभगिनी उभी राहते. पण ती मठातली नव्हती. ज्या पंथात ती वाढली तिथे स्त्री-सभासदांना सिस्टर म्हणण्याची रीत आहे. २० मार्च १९१५ रोजी अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, कॉटन प्लँट नावाच्या लहानशा गावी तिचा जन्म झाला. गावाच्या नावाप्रमाणेच आसपास सगळी कापसाची शेती, आणि कापूस वेचणारे बहुतेक कृष्णवर्णीय. तिची आई केटी बेल न्यूबिन हीसुद्धा त्यांतलीच. आई मँडोलिन वाजवायची, गायची आणि 'चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट' या पेंटेकोस्टल पंथात सुवार्तेचा प्रचार करीत फिरायची. या पंथात उपासनेच्या वेळी ढोल, टाळ्या, गिटार सारे चालत असे. रोझेटा चार वर्षांची असतानाच आईच्या शेजारी उभी राहून गाऊ लागली. गिटार तिच्या अंगापेक्षा मोठी दिसायची.

पुढे मायलेकी शिकागोला गेल्या. दक्षिणेतील गरिबी आणि वर्णभेद यांना कंटाळून त्या काळात लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडे चालले होते. चर्चमध्ये आणि प्रार्थनासभांत ही मुलगी गाते आणि गिटार वाजवते, हे ऐकून लोक गर्दी करीत. गिटार वाजवणारी मुलगी ही तेव्हा नवलाची गोष्ट होती.

१९३४ मध्ये तिने त्याच पंथातील एका प्रचारकाशी लग्न केले. संसार टिकला नाही. थार्प हे आडनाव मात्र थोड्या फरकाने कायमचे राहिले. १९३८ मध्ये आईला घेऊन त्या न्यूयॉर्कला आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी एक पाऊल टाकले, ज्याबद्दल लोक पुढे आयुष्यभर बोलत राहिले. त्या 'कॉटन क्लब' या नाइट-क्लबमध्ये गायल्या. तिथे रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि समोर दारूचे पेले घेऊन बसलेले बहुतांशी गोरे श्रीमंत, असा प्रकार होता. रोझेटा यांनी तिथे चर्चमधली भक्तिगीते गायली, तीही जलद ठेक्यात. ३१ ऑक्टोबर १९३८ रोजी 'डेक्का' कंपनीने त्यांची पहिली चार गाणी ध्वनिमुद्रित केली. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध कार्नेगी हॉलमध्येही त्यांचे गायन झाले. नाव सर्वतोमुखी झाले, आणि त्यांच्याच चर्चमधील अनेक लोक दुखावले.

आम्हाला वाटते, त्या लोकांना सनातनी म्हणून सोडून देऊ नये. जे गीत गुडघे टेकून गायचे, ते मद्यपान करणाऱ्यांच्या करमणुकीसाठी गायले जावे, हे कोणत्याही भाविकाला बोचेल. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना साध्य आणि साधन यांतला फरक आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवला जातो. गिटार हे साधन. ते चांगले की वाईट, हे आपण ते कशासाठी हाती घेतो यावर ठरते. हे वर्गात सोपे वाटते. जीवनात हेतू सरमिसळ झालेले असतात. रोझेटा यांना पोट भरायचे होते, आईला सांभाळायचे होते, टाळ्या आवडत होत्या, आणि देवाचे गाणेही गायचे होते. यांतले काय किती होते, ते देव जाणे.

१९४१ पासून त्या लकी मिलिंडर यांच्या वाद्यवृंदात गाऊ लागल्या. करारामुळे तिथे त्यांना ऐहिक गाणीही म्हणावी लागत. काही वर्षांनी तो वाद्यवृंद सोडून त्या पुन्हा भक्तिगीतांकडे वळल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांसाठी खास तबकड्या काढल्या जात. त्यांत स्थान मिळालेल्या मोजक्या कृष्णवर्णीय भक्तिगीत-गायकांत त्या होत्या. १९४४ मध्ये पियानोवादक सॅमी प्राइस यांच्या साथीने त्यांनी एक भक्तिगीत विजेच्या गिटारवर म्हटले. १९४५ मध्ये ते कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. 'रॉक अँड रोल'ची पहिली तबकडी कोणती, या वादात आजही या गाण्याचे नाव घेतले जाते. एल्विस प्रेस्ली तेव्हा दहा वर्षांचा होता.

१९४७ मध्ये जॉर्जिया राज्यातील मेकन शहरात कार्यक्रमापूर्वी एक चौदा वर्षांचा मुलगा त्यांचीच गाणी गाताना त्यांच्या कानी पडला. त्यांनी त्याला रंगमंचावर बोलावून गायला लावले आणि वर पैसेही दिले. तोच पुढे लिटल रिचर्ड म्हणून जगप्रसिद्ध झाला. जॉनी कॅश, चक बेरी यांच्यावरही त्यांच्या गाण्या-वाजवण्याची छाप पडली. अनेकांनी त्यांच्यापासून घेतले. घेणारे श्रीमंत झाले, देणारी मागे राहिली.

वर्णभेद तर पाठीशीच होता. दक्षिणेतील दौऱ्यांत, ज्या गावात संध्याकाळी लोक त्यांच्या गाण्यावर डोलत, त्याच गावात रात्री त्यांना हॉटेलमध्ये खोली मिळत नसे. बसमध्येच झोपायचे आणि खाणावळीच्या मागच्या दाराने जेवण घ्यायचे. त्याच काळात त्यांनी 'जॉर्डनेअर्स' या गोऱ्या गायकांच्या गटाबरोबर दौरे केले, ही त्या दिवसांत धाडसाची गोष्ट होती. गायिका मेरी नाइट यांच्याबरोबरची त्यांची जोडीही खूप गाजली.

३ जुलै १९५१ रोजी वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर त्यांनी तिसरा विवाह केला. वीस हजारांच्या वर लोक तिकीट काढून आले, लग्नानंतर गाण्यांचा कार्यक्रम झाला आणि त्या सगळ्याची तबकडीही निघाली. विवाह हा पवित्र संस्कार मानणाऱ्या आपल्याला हे रुचणार नाही, आणि ते रुचावे असे आम्ही म्हणत नाही. संतचरित्र सांगायला आम्ही बसलेलो नाही. पुढे त्यांनी ब्लूज धर्तीची गाणी गायली, तेव्हा चर्चमधला उरलासुरला श्रोताही दुरावला. आणि तरुण मंडळी तोवर नव्या रॉक गायकांकडे वळली होती.

मग युरोपने हात दिला. १९५७ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ७ मे १९६४ रोजी मँचेस्टरमध्ये, वापरात नसलेल्या एका रेल्वे-स्थानकावर टेलिव्हिजनसाठी त्यांचा कार्यक्रम झाला. एका फलाटावर कलावंत, समोरच्या फलाटावर तरुण इंग्रज श्रोते. पाऊस पडला होता. घोडागाडीतून उतरून या एकोणपन्नास वर्षांच्या बाईने कोट न काढताच पांढरी गिटार गळ्यात अडकवली आणि नोहाच्या महापुराचे भक्तिगीत सुरू केले. त्याचे चित्रीकरण आजही उपलब्ध आहे. तरुणांनी जरूर पाहावे.

त्याच्या पाचच महिने आधी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला होता. त्यात ऑर्गनला मानाचे स्थान दिले. पण पवित्र कार्याला योग्य असतील किंवा योग्य करता येतील, अशी इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने उपासनेत घ्यायला मुभा दिली. आपल्या मिस्सेत आज गिटार वाजते ती या मुभेमुळे.

१९६८ मध्ये आई वारली. १९७० मध्ये रोझेटा यांना पक्षाघाताचा झटका आला. मधुमेहामुळे एक पाय कापावा लागला. त्यानंतरही त्या गातच राहिल्या. ९ ऑक्टोबर १९७३ रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८. नॉर्थवुड दफनभूमीत त्यांना पुरले. वर दगड बसला नाही.

२००८ मध्ये चाहत्यांनी फिलाडेल्फियात गाण्यांचा कार्यक्रम केला आणि जमलेल्या पैशांतून कबरीवर नावाचा दगड उभा राहिला. २०१८ मध्ये रॉक संगीताच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. तोवर त्यांना जाऊन ४५ वर्षे होत आली होती.

बंधू-भगिनींनो, आपल्या गायकवृंदात कोणी मुलगा गिटार जरा जोरात वाजवतो, तेव्हा मागच्या बाकांवरून तक्रार आमच्याकडे येते. कधी कधी ती योग्यही असते. तेव्हा त्याला जवळ बसवून, हे गाणे कोणासाठी आहे, हे समजावून सांगू या. त्याला घालवून देऊ नका. रोझेटा यांच्या माणसांना त्यांच्याबद्दल राग होता. तो रास्त होता की नव्हता, हे आज ठरवून उपयोग नाही. पण त्या थडग्यावर एक दगड ठेवायला कोणी गेले नाही, हे आम्हाला सलते.

या रविवारी मिस्सेनंतर दफनभूमीत जाल, तेव्हा आपल्या माणसांच्या कबरीवर फुले वाहून झाल्यावर कुंपणाकडेच्या त्या नाव पुसलेल्या कबरींकडेही दोन पावले चाला. तिथेही एक मेणबत्ती लावा आणि एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणा. नाव आपल्याला ठाऊक नसले, तरी देवाला ठाऊक आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू