फ्लॉरेन्स नायटिंगेल : कंदील आणि आकडे

घरात कोणी आजारी पडले की औषध डॉक्टर देतात. पण रात्र काढते ती उशाशी बसलेली आई किंवा बहीण. इस्पितळात ही जागा परिचारिकेची. त्या जागेला शिक्षण लागते आणि तिला मानही हवा, हे जगाला पटवून दिले फ्लॉरेन्स नायटिंगेलने.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी तिचा जन्म झाला. शहराचेच नाव तिला मिळाले. घराणे इंग्लंडमधले, श्रीमंत. वडिलांनी मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन शिकवले. फ्लॉरेन्सला गणिताची विलक्षण ओढ. ऐन तारुण्यात तिने रुग्णसेवेचा ध्यास घेतला आणि घरात वादळ उठले. त्या काळी इस्पितळातील परिचारिका म्हणजे अशिक्षित, व्यसनी बाई, अशीच समजूत होती. कुलीन मुलीने तेथे जावे ही कल्पनाच आईला असह्य झाली. फ्लॉरेन्सने काही वर्षे हा विरोध सोसला, एका चांगल्या स्थळाला नकार दिला आणि १८५१ साली जर्मनीत कायझर्सवर्थ येथे जाऊन शिक्षण घेतले.

१८५४ साली इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी सैनिकांच्या हालांच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या आणि इंग्लंड हादरले. मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिका घेऊन ती ४ नोव्हेंबरला तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचली. तेथील इस्पितळात खाटा, कपडे, साबण सगळ्याचीच वाण. डॉक्टरांना या बायका नकोशा. बोलावणे येईपर्यंत तिने आपल्या परिचारिकांना थांबवून ठेवले. जखमींचे लोंढे आले, तेव्हा बोलावणे आपोआप आले.

तिने स्वयंपाकघर उभारले, कपडे धुण्याची सोय केली आणि त्या कामावर सैनिकांच्याच बायकांना लावले. एकाचा पाय कापताना शेजारच्याने ते पाहून धास्तावू नये, म्हणून मध्ये आडपडदा लावला. रात्री हातात कागदी घड्यांचा कंदील घेऊन ती मैलोगणती खाटांमधून फिरे. मरणाऱ्याजवळ बसे, मग त्याच्या आईला किंवा बायकोला पत्र लिहून त्याचे शेवटचे निरोप कळवी. बरे होणाऱ्यांना पगार दारूत न घालवता घरी पाठवता यावा, अशीही व्यवस्था तिने केली. रुग्णामागे एक कुटुंब असते, याचा तिला कधी विसर पडला नाही.

आणि तरीही माणसे मरतच राहिली. किंबहुना त्या हिवाळ्यात मृत्यू वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दर शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ दगावत होते. जखमांपेक्षा पटकी, आमांश आणि ज्वर यांचेच बळी अधिक. इस्पितळाखालची गटारे तुंबली होती. मार्चमध्ये सरकारी आरोग्य आयोग आला. गटारे साफ झाली, हवा खेळती झाली आणि जूनपर्यंत हे प्रमाण सुमारे दोनवर आले.

१८५६ साली ती परतली ती कीर्ती घेऊन. पण सत्कार टाळून ती आकडे मांडत बसली. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने तिने मृत्यूंची कारणे रंगीत आकृत्यांत दाखवली. ज्या इस्पितळाने तिला नाव दिले, तेथील मृत्यूही तिने झाकले नाहीत. हे धैर्य कंदील धरण्याहून मोठे होते.

पुढचे बहुतेक आयुष्य तिने आजारपणात, अंथरुणावरून लिहिण्यात काढले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात तिच्या नावाच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली. घरी आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांसाठी तिने छोटे पुस्तक लिहिले. मोकळी हवा, स्वच्छता, शांतता यांबरोबरच, दाराबाहेरची कुजबुज आणि नातलगांचा पोकळ धीर रुग्णाला किती त्रास देतात, हेही तिने त्यात सांगितले.

भारतात ती कधी आली नाही. पण येथील गोऱ्या फौजेत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होतात, हे तिने शाही आयोगाच्या १८६३ च्या अहवालातून पुढे आणण्यात मोठा वाटा उचलला. पुढे येथील दुष्काळ, पाटबंधारे आणि खेड्यांची स्वच्छता यांविषयी ती वर्षानुवर्षे लिहीत राहिली.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तिने देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान नातलगांनी तिच्या इच्छेप्रमाणे नाकारला.

जगाने तिचा कंदील लक्षात ठेवला. परंतु उशाशी बसणारी माया आणि तुंबलेले गटार शोधणारी बुद्धी एकाच माणसात असावी लागते, हा धडा तिने स्वतः फार मोठी किंमत मोजून घेतला होता. आपण तो विसरू नये.