तेजाजवळची धूळ टिपणारा : एडवर्ड बार्नार्ड

रात्रीच्या पहाऱ्यावर उभे राहिल्यावर डोळे जड होतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ज्याने जन्मभर असाच पहारा केला, त्या एका खगोलशास्त्रज्ञाची ही ओळख.

एडवर्ड इमर्सन बार्नार्ड यांचा जन्म 16 डिसेंबर 1857 रोजी अमेरिकेतील नॅशव्हिल येथे झाला. वडील जन्मापूर्वीच वारले होते. घरी दारिद्र्य, त्यात यादवी युद्धाचे दिवस. शाळा जेमतेम दोन महिने मिळाली. नववे वर्षही पुरे झाले नव्हते, तेव्हा ते एका फोटो स्टुडिओत कामाला लागले. छपरावरच्या अवजड यंत्राचे तोंड दिवसभर सूर्याकडे वळते ठेवायचे, हे त्यांचे काम. आधीची मुले या कामावर झोपी जात. एडवर्ड झोपला नाही.

पुढे ताऱ्यांचा नाद लागला. 1876 मध्ये त्यांनी 380 डॉलरची पाच इंची दुर्बीण घेतली. वर्षाच्या कमाईचा बराच मोठा भाग त्यात गेला. पुढच्याच वर्षी सायमन न्यूकम या नामवंत शास्त्रज्ञांनी त्यांना गणित शिकण्याचा सल्ला दिला. आपले अपुरे शिक्षण आठवून हा तरुण आडोशाला जाऊन रडला. मग डोळे पुसून त्याने शिकवणी लावली. दिवसा नोकरी, संध्याकाळी अभ्यास, रात्री आकाश. धूमकेतू शोधल्याबद्दल मिळालेल्या बक्षिसांतून त्यांनी घर बांधले.

1888 मध्ये ते लिक वेधशाळेत रुजू झाले. तेथे 1892 मध्ये त्यांनी गुरूचा पाचवा चंद्र शोधला. पण त्यांचे खरे काम वेगळेच होते. एका फोटो स्टुडिओसाठी बनवलेले जुने सहा इंची भिंग वापरून ते आकाशगंगेची छायाचित्रे घेऊ लागले.

हे काम सोपे नव्हते. ताऱ्याभोवतीची धूळ स्वतः प्रकाशत नाही. ती ताऱ्याचाच उजेड अंधूकपणे परतवते. ती काचेवर उमटायला कित्येक तास लागतात, आणि तेवढ्या वेळात तेजस्वी ताऱ्याची झळाळी आजूबाजूला पसरून तीच धूळ झाकून टाकते. पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बीणही सतत वळवावी लागते. बार्नार्ड दुसऱ्या दुर्बिणीला डोळा लावून एक तारा दोन बारीक तारांच्या छेदावर धरून ठेवत. हात जरा चुकला की सारी रात्र वाया. स्टुडिओच्या छपरावरचे लहानपणीचे काम येथे उपयोगी पडले.

1905 मध्ये त्यांनी माउंट विल्सनवरून वृश्चिकेतील ज्येष्ठा ताऱ्याजवळचा प्रदेश टिपला. तेजोमेघांच्या शेजारून काळे पट्टे धावताना दिसले. असे काळे भाग म्हणजे आकाशातील रिकाम्या जागा, असेच त्यांना अनेक वर्षे वाटत होते. पण स्वतःचीच छायाचित्रे पुन्हा पुन्हा तपासताना त्यांची खात्री डळमळली. एका रात्री आकाशगंगेच्या उजेडापुढून सरकणारे साधे लहान ढग त्यांना अगदी तसेच काळे दिसले. आपले जुने मत त्यांनी सोडले. 1919 मध्ये अशा 182 काळ्या भागांची यादी त्यांनी प्रसिद्ध केली. त्यातले बरेचसे भाग म्हणजे मागचे तारे झाकणारे धुळीचे मेघ आहेत, हे आज आपल्याला माहीत आहे.

आकाशगंगेच्या नकाशासंग्रहाच्या 700 प्रतींसाठी लागणारे पस्तीस हजारांहून अधिक छायाचित्रांचे छाप त्यांनी स्वतः एकेक करून तपासले. ग्रंथ मात्र त्यांना पाहायला मिळाला नाही. 6 फेब्रुवारी 1923 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची भाची मेरी कॅल्व्हर्ट आणि सहकारी एडविन फ्रॉस्ट यांनी 1927 मध्ये तो पूर्ण केला.

उन्हाळ्यात रात्रीच्या ड्यूटीवर दक्षिणेकडे तांबूस ज्येष्ठा दिसली, तर क्षणभर तिच्या बाजूच्या अंधाराकडे पाहा. तो अंधार रिकामा नाही. हे कळायला एका माणसाला आयुष्यभर जागावे लागले, आणि आपली चूक मान्य करावी लागली.